झेंडूच्या हंगामातली चौकशी

झेंडू तोडायला लागलं की बोटांवर हिरवट-काळा चिकटा बसतो. साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही, राखेने थोडा जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. त्याचा उग्र वास पोळीला लागतो, चहाच्या कपाला लागतो, शाळेतल्या रजिस्टरांना लागतो. या वासाने लोकांना दसरा आठवतो, तोरणं आठवतात, कोणाला देवसुद्धा आठवत असेल. मला एक फाइल आठवते आणि माझं डोकं फिरतं.

दोन वर्षं झाली त्या हंगामाला. मखमलाबादच्या पुढे आमची दोन एकर फुलं आहेत, रस्त्याकडेला झेंडू आणि मागे शेवंती. फुलांचं नवरा बघतो. मी नाशकातल्या एका शाळेत क्लार्क आहे. म्हणजे पंचवीस वर्षं खिडकीच्या आत बसून मी लोकांना सांगत आले की झेरॉक्स आणा, मूळ प्रत दाखवा, इथे सही राहिली, उद्या या. त्या सगळ्या लोकांचे तळतळाट त्या एका हंगामात माझ्या वाट्याला आले, असं मला आजही वाटतं.

सुरुवात साधी होती. मुलगा नोकरीला हैदराबादला गेला आणि घर एकदम गप्प झालं. त्याच सुमारास शाळेत एक बैठक झाली. तिथे कळलं, की काही मुलांना आईबाप असतात, पण ते आजारी तरी असतात, नाहीतर कुठल्या ना कुठल्या अडचणीत सापडलेले. अशा मुलाला संस्थेत ठेवण्यापेक्षा एखाद्या घरात ठेवायचं आणि आईबाप सावरले की परत द्यायचं. हे दत्तक नव्हे. आपण फक्त प्रतिपालक. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, म्हणजे आपण पोरं शिकायला ठेवतो तसंच ना. मी म्हटलं, तसंच. तिथेच आमचं चुकलं, पण ते कळायला दिवाळी उजाडावी लागली.

शिकायला ठेवणं ही आमच्याकडची जुनी रीत. ज्याचं घर शाळेजवळ, त्याच्याकडे नातेवाइकांचं एखादं तरी पोर असायचंच. आमच्याकडे अशी चौघं राहून गेली. त्यातला सगळ्यात जास्त राहिलेला सागर, माझ्या नणंदेचा मुलगा. सटाण्याकडच्या खेड्यातून पाचवीला आला तो दहावी करूनच गेला. कोणी अर्ज भरला नाही, कोणी चौकशी केली नाही. एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात लाडवांचा डबा घेऊन पोर एसटीतून उतरायचं आणि रात्री आमच्या पंगतीला बसायचं. सासूबाई तर म्हणाल्या, त्यात काय एवढं हाय, आपल्या घरात कायम कोणाचं ना कोणाचं पोर असतंच. मलाही वाटलं, आपण या कामात मुरलेले आहोत. बालसंरक्षणाच्या कार्यालयात जायचं, सही करायची आणि पोर घेऊन यायचं. कसलं काय.

पहिल्याच दिवशी तिथे लग्नाचा दाखला मागितला. आमच्या लग्नाला तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती. मांडव पडला होता, चारशे माणूस जेवलं होतं, एक मुलगा मोठा होऊन नोकरीला लागला होता, पण दाखला नव्हता. तो काढायचं कोणाच्या डोक्यात आलं होतं? मग लग्नपत्रिका शोधली, ती सापडली पिठाच्या डब्याखाली. लग्न लावणारे गुरुजी केव्हाच वारलेले, म्हणून प्रतिज्ञापत्र केलं. पन्नाशीला आलेले आम्ही दोघं साक्षीदार घेऊन लग्ननोंदणीच्या रांगेत उभे होतो, पुढे-मागे विशीतली पोरं-पोरी. तिथल्या बाईंनी विचारलं, वर कुठे आहे. नवरा इतका लाजला की त्याने हातच वर केला. सासूबाईंनी घरी पेढे आणून ठेवले होते. मला हसू येत नव्हतं, कारण माझी अर्ध्या दिवसाची रजा गेली होती.

मग वैद्यकीय दाखला, मग पोलिसांची पडताळणी, मग दोन ओळखीच्या माणसांची पत्रं. आधार कार्डावर माझं नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, कारण माहेरचं-सासरचं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण मी स्वतः खिडकीत बसून लोकांना हसत हसत ऐकवली होती. आता माझ्यावर वेळ आली तेव्हा ती म्हण अजिबात विनोदी वाटेना. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, शेजारीच राहतात. ते रोज संध्याकाळी विचारायचे, काय वहिनी, पास झालात का. एकदा मी त्यांच्या अंगावर तांब्या फेकायचा बाकी ठेवला.

हे सगळं मी का सहन करत होते, ते सरळ सांगते. मला घरात पोर हवं होतं. पुण्य वगैरे काही नाही. सकाळी कोणाची तरी वेणी घालायची होती, कोणाला तरी ओरडायचं होतं. माझं वय बघून कार्यालयाने नकार दिला, तर पुन्हा कधी ही संधी येणार नाही, एवढं मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी कागद जमवत होते आणि जीव मुठीत धरून वाट बघत होते.

आमची चौकशी बोरसे मॅडमकडे होती. तिशीच्या आतली मुलगी, पाठीला सॅक, बोलणं मऊ आणि प्रश्न धारदार. त्यांनी घर बघायला यायचा दिवस कोणता निवडावा? खंडेनवमी. दसऱ्याचा आदला दिवस, आमच्याकडे मरायला फुरसत नसते. ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत झेंडूचे ढीग, फुलं निवडायला आलेल्या सात-आठ बायका, मधून क्रेट उचलणारी माणसं. शिवाय खंडेनवमीला अवजारांची पूजा. सासूबाईंनी रीतीप्रमाणे बैठकीच्या खोलीत मधोमध पाट मांडून त्यावर विळे, कोयते, कुऱ्हाड, छाटणीच्या कात्र्या आणि औषध फवारायचा पंप ओळीने ठेवला होता. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडू. बाहेरून माणूस आलं म्हणून सासूबाईंनी कौतुकाने त्यांना आधी तेच दाखवलं आणि कोयत्याला हात लावून नमस्कार करायला सांगितलं. मॅडमनी नमस्कार केला. मग वहीत लिहिलं. मी उभ्याउभ्या वाचलं, घरात धारदार अवजारे व कीटकनाशकाचा पंप मुलांच्या हाताला येतील असे उघड्यावर. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग त्या मागे विहिरीवर गेल्या. विहिरीला जाळी हवी म्हणाल्या. मोटारीच्या खोलीला कुलूप हवं, औषधांचं कपाट वेगळं हवं. नवरा म्हणाला, आमच्या घरातली सगळी पोरं या विहिरीभोवतीच वाढली, एकही पडलं नाही. मॅडम म्हणाल्या, ते तुमचं नशीब, मी नशीब लिहू शकत नाही. उत्तर बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

नंतर प्रश्न सुरू झाले. झेंडूच्या ढिगात दोन खुर्च्या टाकून मी आणि त्या बसलो. नवरा-बायको भांडता का? भांडण कसं मिटतं? मुलाला मारता का? शेवटचं कधी मारलं? घरात कोण ठरवतं? तुमच्या लहानपणी तुमचं दुःख कोणाला सांगायचात? अहो, आमच्या लहानपणी दुःख सांगायला वेळ कोणाला होता, असं मी म्हटलं. बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारत होता आणि इथे मी माझ्या बालपणीच्या दुःखाचा हिशेब देत होते. मूल परत द्यावं लागलं तर काय कराल, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, देऊ की. आमच्याकडची सगळी पोरं परतच गेली. त्या म्हणाल्या, कोण पोरं? मी मोठ्या दिमाखात चौघांची नावं सांगितली आणि सागरचा नंबर वर लिहून दिला. म्हटलं, त्याला विचारा, सहा वर्षं होता, आम्ही कसे आहोत ते तोच सांगेल.

त्याने सांगितलं. सागर आता पुण्याला नोकरी करतो, बोलायला सालस, दर भाऊबीजेला माझ्यासाठी साडी आणतो. मॅडमचं बोलणं झालं त्या संध्याकाळी त्याचाच फोन आला. म्हणाला, मामी, त्यांनी विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं, रागावू नकोस. काय सांगितलंस, असं मी विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही मला कधी मारलं नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. पण मी रडायचो ते तुम्हाला कधीच कळलं नाही."

कुठे रडायचास, तर मोटारीच्या खोलीत. मोटार चालू करायचा, म्हणजे तिच्या आवाजात कोणाला ऐकू जात नाही. तेव्हा भारनियमन होतं, शेतीची लाइट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. त्याला ते वेळापत्रक पाठ होतं. लाइट नसलेल्या वेळी रडू आलं तर तो थांबायचा. बारा वर्षांचं पोर, लाइट यायची वाट बघत, रडू धरून. आणि आम्हाला काय आठवलं, तर एका वर्षी वेळीअवेळी मोटार चालू राहून झेंडूत पाणी साचलं आणि दोन वाफे सडले. नवऱ्याने त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं. एवढा मोठा झालास, मोटार बंद करायचं कळत नाही का, म्हणून. सागर तेव्हा मान खाली घालून उभा होता आणि आम्हाला वाटलं, पोर गुणी आहे, उलट उत्तर देत नाही.

मग घरात जे पेटलं ते विचारू नका. सासूबाई म्हणाल्या, खाल्ल्या मिठाला जागलं नाय पोर. भाऊजी म्हणाले, घ्या, घरचाच साक्षीदार फुटला. सटाण्याहून नणंदेचा फोन आला आणि ती रडत रडत मलाच बोलली, की असं होतं तर तू मला का कळवलं नाहीस. अगं, मला कळलं असतं तर कळवलं असतं ना. मी सगळ्यांवर चिडले. सागरवर चिडले, नणंदेवर चिडले, त्या बोरसे मॅडमवर तर फारच चिडले. कोणी सांगितलं होतं इतकं खोलात जाऊन विचारायला? आम्ही सहा वर्षं त्याला काय कमी केलं? चिडचिडीच्या तळाशी काय होतं ते मला कळत होतं. मला लाज वाटत होती.

भाऊबीज झाल्यावर मॅडम पुन्हा आल्या. ढीग उठले होते, अवजारं पडवीत कुलपात गेली होती, विहिरीवर जाळी बसली होती. त्यांनी सागरचं म्हणणं वाचून दाखवलं आणि तुमचं काय म्हणणं आहे असं विचारलं. घरातल्यांनी मला आधीच पढवलं होतं, सांग, पोरगं जरा हळवं आहे, वाढवून बोलतं. मी तेच म्हणणार होते. पण तोंड उघडलं आणि म्हणाले, खरं असेल त्याचं. आम्ही कधी विचारलंच नाही. जेवलास का हे रोज विचारलं, अभ्यास झाला का विचारलं, पण तुला इथे राहायचं आहे का, हे सहा वर्षांत एकदाही नाही. मॅडमनी विचारलं, आता तुमच्याकडे मूल आलं आणि ते रडलं, तर काय कराल? मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी लिहून घेतलं. नवरा माझ्याकडे बघत राहिला. तुझं ते मूल गेलं आता, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं, आणि माझ्याही मनात तेच होतं.

मंजुरीचं पत्र संक्रांतीच्या आसपास आलं. मी ते खिडकीतच उघडलं, बाहेर दाखल्यासाठी रांग असताना. त्या दिवशी मी कोणालाही उद्या या म्हटलं नाही.

ती होळीच्या आधी आली. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. घरात आम्ही तिला ताई म्हणतो, आमच्याकडे धाकट्या मुलीला म्हणतात तसं. तेव्हा आठ वर्षांची होती. वडील नाहीत, आई मालेगावची, यंत्रमागावर कामाला होती आणि क्षयाने अंथरुणाला खिळलेली. ताई आम्हाला मामा-मामी म्हणते. आई म्हणायला शिकवू नका, तिला आई आहे, असं मॅडमनी बजावलं होतं. सासूबाईंना ते पटलं नाही, पण त्यांनीही ते पाळलं.

आणि मग नवीनच ताप सुरू झाला. ही मुलगी कशालाच नाही म्हणायची नाही. भेंडीची भाजी चालेल? चालेल. वेणी घट्ट झाली का? चालेल. आज आईला भेटायचं होतं, पण गाडी नाही, पुढच्या रविवारी जाऊ? चालेल. मी तिच्यासमोर मुद्दाम दोन फ्रॉक धरायचे, एक बरा आणि एक अगदी भयंकर. दोन्ही चालायचे. रडणं तर नाहीच. मी घरातल्या साऱ्या बंद दारांपाशी कान देऊन बघितलं. मोटारीच्या खोलीची किल्ली माझ्याकडेच होती, तरी जाऊन आले. शेवटी एकदा मी तिच्यावर ओरडले, की अगं बाई, एकदा तरी नाही म्हण. ती म्हणाली, चालेल. मी हसावं की भिंतीवर डोकं आपटावं, हे मला कळेना. नवरा म्हणायचा, शहाणी आहे पोर. मी म्हणायचे, त्याचीच तर भीती वाटते.

गेला दसरा असाच गेला. ती आमच्यासोबत फुलं निवडायला बसली, कळ्या एकीकडे, उमललेली एकीकडे. बायका कौतुक करत होत्या. मी मात्र तिच्या डोळ्यांकडे बघत बसले होते.

आणि हा या वर्षीचा झेंडू. काल दसऱ्याचा आदला दिवस. उजाडायच्या आधीपासून तोडणी चालू होती, चाळीस क्रेट भरून पंचवटीतल्या फूलबाजारात न्यायचे होते. वर्षभर आम्ही ज्या दिवसासाठी राबतो तो हा दिवस. तिची आई आता बरी होऊन मालेगावात बहिणीकडे राहते, आणि नेमका काल ताईला तिच्याकडे न्यायचं ठरलेलं होतं. नवरा क्रेट उचलता उचलता तिला म्हणाला, ताई, आज लय गडबड आहे, आईकडे दसरा झाल्यावर जाऊ, चालेल ना?

ताई म्हणाली, "नाही चालणार."

आणि ती वाफ्यात खाली बसली आणि रडायला लागली. रडायला म्हणजे काय, तिने भोकाड पसरलं. दोन्ही पाय आपटत होती, भरलेला क्रेट तिने लाथेने कलंडून दिला, मातीत फुलंच फुलं झाली. दहा-बारा बायका हात थांबवून बघत होत्या, रस्त्यावरचा एक मोटारसायकलवाला थांबला. मला माझी आई पाहिजे, असं ती ओरडत होती आणि तो आवाज पार शेवंतीच्या टोकापर्यंत जात होता. सासूबाई म्हणाल्या, गप कर तिला, लोक बघतात. मी म्हटलं, बघू द्या. तिच्याजवळ जाऊन बसले. तिला गप केलं नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही, नुसती बसून राहिले. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती आणि चिकटलेल्या हातांनी ती पुसताही येईना. नवरा क्रेट हातात धरून उभा होता. मग त्याने तो खाली ठेवला, पंपाच्या नळावर हात धुतले आणि म्हणाला, चल ताई, एसटी मिळेल अजून.

म्हणजे गेला की तो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, चाळीस क्रेट, मी आणि भाऊजी. भाऊजींनी गाडी चालवली आणि पंचवटीपर्यंत एकच पालुपद लावलं, की एवढ्याशा पोरीच्या रडण्यावर कोणी बाजार सोडतं का. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. गिऱ्हाईक ओरडतंय, हमाल ओरडतोय, मी फुलांच्या ढिगात गुडघाभर उभी, आणि दुपारी फोन वाजला. नवऱ्याच्या फोनवरून ताई बोलत होती. म्हणाली, मामी, मी आज इथेच राहणार, आईजवळ झोपणार, उद्या या मला न्यायला. आणि ठेवून दिला. विचारणं नाही, काही नाही.

आता दिवसाची भेट मंजूर असते, पण रात्री राहायचं तर परवानगी लागते, कारणासह, लेखी. म्हणजे पुन्हा कागद. मी चडफडत बोरसे मॅडमना फोन लावला. त्यांच्या घरी पाहुण्यांचा गलका ऐकू येत होता. त्या म्हणाल्या, मी आत्ता मोबाइलवरच अर्ज करून वरिष्ठांना पाठवते, फक्त कारणाच्या रकान्यात काय लिहू ते सांगा.

"लिहा, मूल रडलं."

त्या म्हणाल्या, "एवढंच लिहू?"

"नाही," मी म्हटलं. "आमच्या घरात, सगळ्यांसमोर, मोठ्याने रडलं, असं लिहा."